गुर्लहोसूर ते सावनेर

सावरगावहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या दुसऱ्या तीरावर वसलेले हे गाव. वर्तमानपत्रांना त्याची आठवण वर्षातून एकदाच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या निमित्ताने होते. किती माणसे जखमी झाली याचा हिशेब छापून येतो आणि मग पुढच्या पोळ्यापर्यंत गाव विस्मरणात जाते. पत्रात मात्र गोटमारीचे नावही नाही. घरातील मुलांनी व त्यांच्या सोबत्यांनी गणेशोत्सवात 'सौभद्रा'तील एक प्रवेश बसवण्याचे मनात घेतले. त्यावर घरातीलच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "संगीत नाटक ही पुण्या-मुंबईची मिरास. आपण मध्य प्रदेशातली माणसे, मुले हिंदी शाळेत जातात. उसने दागिने घालून मिरवायचे कशाला?" भगिनींना त्या वेळी उत्तर सुचले नाही. तेव्हा नाटक आपले म्हणावे की म्हणू नये, असे त्यांनी आम्हांसच विचारले आहे.

प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. महाराष्ट्राबाहेरच्या पुष्कळ मराठी घरांत तो निराळ्या शब्दांत विचारला जातो आणि बहुधा अनुत्तरितच राहतो. भाषा घरापुरती उरली, सण ताटापुरते उरले, तेव्हा नाटकासारखी खर्चाची व खटाटोपाची गोष्ट आपली म्हणण्याचा धीर कोणी करावा? परंतु ज्या मंडळीने संगीत नाटक उभे केले तिची हकीकत नीट पाहिली, तर ही मिरास कोणाची याचा निवाडा वडीलधाऱ्या गृहस्थांना वाटतो तितका सोपा राहत नाही.

शालेय पुस्तकांत ही हकीकत पुण्यात सुरू होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि किर्लोस्कर नाटक मंडळी अवतरली. तारीख खरी, गावही खरे. पण मंडळीचे जनक बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे १८४३ साली जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी. ते गाव आज कर्नाटकात आहे. सभोवती कानडी आणि घरात मराठी, अशा वातावरणात हा मनुष्य वाढला. बेळगावास शिक्षकी केली, तेथेच नाटकाचा नाद पुरवला, आणि पुढे सरकारी कचेरीत नोकरी करीत पुण्यास आला. म्हणजे ज्यांना आज आपण 'बाहेरचे मराठी' म्हणतो, त्यांच्यापैकीच एक.

त्याहून मागे जावे, तर सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्यांना स्फूर्ती मिळाली होती ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळापासून. भाव्यांच्या पद्धतीच्या खेळात पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराचे असे. तो एका बाजूस उभा राहून सर्वांच्या वतीने गाई, पात्रे आपापली भाषणे वेळेवर सुचतील तशी करीत, आणि राक्षस आरडाओरड करून भाव खाऊन जात. अण्णासाहेबांनी यात एकच बदल केला. पण तो मुळापासूनचा होता. ज्याचे सुखदुःख, त्याचेच पद. शकुंतला रडते तर तिनेच गावे, दुष्यंताला पश्चात्ताप झाला तर त्यानेच. त्याबरोबर संहिता पक्की झाली, वाटेल ते बोलण्याची मुभा संपली. ही कल्पना त्यांना सुचली ती पुण्यास एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा उर्दू खेळ पाहून. कालिदासाचे संस्कृत नाटक, पारशी मंडळीचा थाट आणि कानडी मुलखातून आलेला माणूस! ज्या गोष्टीला आपण अस्सल मराठी म्हणतो तिचे बी असे तीन ठिकाणांहून गोळा झालेले आहे.

पदांच्या चाली मात्र घरच्या होत्या, आणि आमच्या मते मंडळीच्या वाढीचे मर्म येथे आहे. साकी, दिंडी, ओवी, कामदा, कीर्तनातली पदे, लावणीची वळणे, मधूनच कर्नाटकी चाली, असा तो ऐवज. 'शाकुंतला'त अशी दोनशेच्या घरात पदे होती. आजच्या प्रेक्षकाला संख्या ऐकूनच धडकी भरेल. परंतु त्या काळच्या गृहिणीला त्यातल्या बहुतेक चाली जात्यावर, देवघरात, कीर्तनात आधीच भेटलेल्या होत्या. नाटक एकदा पाहिले की पद घरी येई. तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या नव्हत्या, नभोवाणी नव्हती. तरी पदे गावोगाव पसरली ती माणसांच्या गळ्यांतून.

'सौभद्र' तर अंतर्बाह्य घरचे नाटक. १८८२च्या नोव्हेंबरात त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले व पुढल्या वर्षी ते पुरे झाले. पात्रे द्वारकेची, गोष्ट मात्र कोणत्याही मराठी वाड्यातली. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न आपल्या मर्जीने ठरवले आहे, धाकट्याला ते पसंत नाही पण तोंडावर बोलायची सोय नाही, बहीण झुरते आहे, आणि ज्याच्यावर तिचे मन आहे तो संन्याशाच्या वेषात घरातच येऊन राहिला आहे. कृष्ण येथे देव नाहीच. थोरल्याला न दुखवता आपले करून घेणारा असा एक धाकटा भाऊ प्रत्येक मोठ्या कुटुंबात असतो, तसाच हा आहे. सावरगावच्या मुलांनी नेमके हेच नाटक निवडावे याचे आम्हांस मुळीच नवल वाटले नाही.

पहिल्या प्रयोगात शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर. सूत्रधाराचे काम स्वतः अण्णासाहेबांचे. गाणारे पुरुष मंडळीत होते. नायिकेचा गळा मात्र पुढे बडोद्याने दिला. तेथील एका सरकारी कचेरीत नोकरीस असलेला, विशीच्या आतबाहेरचा लक्ष्मण बापूजी कोल्हटकर हा तरुण १८८२ साली मंडळीत आला आणि भाऊराव कोल्हटकर या नावाने सुभद्रा, मंथरा, वसंतसेना अशा भूमिकांतून त्याने सारा मुलूख वेडा करून सोडला. ध्वनिमुद्रणाचा प्रसार होण्यापूर्वीच, १९०१ साली, भाऊराव निवर्तले. त्यामुळे त्यांचा आवाज कसा होता हे आता केवळ वर्णनांवरून जाणायचे.

आणि मग १८८५ साली अण्णासाहेब गेले. वय अवघे बेचाळीस. 'रामराज्यवियोगा'चे तीन अंक रंगभूमीवर आले होते. ते नाटक अपुरेच राहिले. गेले तेही गुर्लहोसूरलाच. मंडळीला तेव्हा पुरती पाच वर्षेच झाली होती. एका कर्त्या पुरुषाच्या जिवावर चाललेला संसार तो जाताच मोडतो, हे आपण घराघरांत पाहतो. नाटक मंडळ्या तर याबाबतीत विशेष नाजूक. किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. याची कारणे शोधताना नाट्येतिहासकार भाऊरावांच्या गळ्याकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. पण गळा तिकिटे खपवतो, मंडळी चालवत नाही. आम्हांस वाटते की तीन गोष्टी अण्णासाहेबांनी मागे ठेवल्या होत्या. एक, शब्दाशब्दाने लिहिलेली संहिता, जी कोणालाही उघडून पाहता येई. दुसरी, कडक तालीम. आणि तिसरी, मंडळी ही एकट्या मालकाची जहागीर न होता भागीदारांची होती ही गोष्ट. शंकरराव मुजुमदारांनी पुढे कारभार वाहिला, आणि अण्णासाहेबांचे चरित्रही लिहिले. तालीम व लेखन यांची धुरा उचलली गोविंद बल्लाळ देवलांनी. ते अण्णासाहेबांचे बेळगावातले विद्यार्थी.

देवलांनी 'मृच्छकटिक' दिले, 'शापसंभ्रम' दिले. पण किर्लोस्कर मंडळी वयात आली ती 'शारदे'ने, असे म्हटले पाहिजे. तोवर राजे, ऋषी, अप्सरा यांच्यावर भागत होते. आता रंगभूमीवर एक साधी मुलगी आली. पैशाच्या लोभाने बाप तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, आणि प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी तोच प्रकार झालेला किंवा होऊ घातलेला. या नाटकाचा पहिला प्रयोग कोठे झाला? पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदुरास, होळकरांच्या राजधानीत. आज ते मध्य प्रदेशातले शहर आहे, म्हणजे सावरगावच्याच राज्यातले. मराठी रंगभूमीवरचे पहिले महत्त्वाचे सामाजिक संगीत नाटक प्रथम पाहिले ते इंदूरकरांनी, हे वडीलधाऱ्या गृहस्थांच्या कानी अवश्य घालावे. (१९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा 'सारडा कायदा' आला, तेव्हा अनेकांना त्याचे नाव देवलांच्या नायिकेवरूनच पडले असे वाटे. वास्तविक ते हरबिलास सारडा या अजमेरच्या गृहस्थांचे नाव. पण गैरसमज किती समर्पक!)

मंडळी अशी परमुलखात जाऊन नवे नाटक का लावीत असे, याचे उत्तर तिच्या पोटात आहे. मोठ्या मंडळीचे बिऱ्हाड म्हणजे फिरते गावच. नट, गवई, साथीदार, तालीममास्तर, स्त्रीपार्टी करणारी कोवळी मुले, कपडेपट सांभाळणारा, पडदे ओढणारे, आचारी, हिशेबनीस. शिवाय पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पेट्या. खेळ असो वा नसो, पंगत दोन वेळा बसणारच. एका शहराचा प्रेक्षक ही पंगत वर्षभर पोसू शकत नाही. म्हणून मुक्काम हलवायचा. आगगाडी होती म्हणून हे शक्य झाले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत आला आणि वऱ्हाड-नागपूर मंडळ्यांच्या वाटेवर पडले. कापसाचा पैसा हाती खेळू लागला की वऱ्हाडातला शेतकरी व व्यापारी नाटकाला सढळ हाताने पैसे टाकी. बडोदे-इंदुरास दरबारचा आश्रय मिळे. मंडळीची वाढ म्हणजे नुसती कलेची वाढ नव्हे; ती या पंगतीची, या वाटखर्चाची व या दूरदूरच्या तिकिटांची वाढ आहे. पुण्याने मान दिला असेल, मीठभाकर मात्र सर्वांनी मिळून दिली.

आणि मीठभाकरीच्या जोडीला नाटककारही दिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपूरला जन्मले, वकिली केली वऱ्हाडात, आणि १८९६ साली 'वीरतनय' देऊन त्यांनी किर्लोस्कर मंडळीच्या संगीताला एकदम नवे वळण लावले. साकी-दिंडीच्या जागी पारशी-उर्दू रंगभूमीच्या उडत्या चाली आल्या. जुने लोक चिडले, तरुणांनी चाली उचलल्या. आमचा कल विचाराल तर साकी-दिंडीकडेच आहे. पण मंडळी जिवंत असल्याची ती खूण होती हेही मान्य केले पाहिजे.

१९०५ साली नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे 'मानापमान' लागले, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी सजलेले. मंडळीचा हा माध्यान्ह. त्याच वर्षी नायकाच्या भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर वारले आणि घरात कुरबुरी सुरू झाल्या. १९१३च्या जुलैत बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनी वेगळी चूल मांडली. ती गंधर्व नाटक मंडळी. पाच वर्षांनी मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. तिकडे हुबळीस केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ सालीच उभी राहिली होती. पुन्हा आजच्या महाराष्ट्राबाहेरच! एकत्र कुटुंबाच्या वाटण्या व्हाव्यात तसे हे झाले, आणि वाटण्यांत नेहमी होते तसे मूळ घर हळूहळू ओके पडले. पण भावकी तुटली नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले.

आता सावरगावच्या अगदी उंबरठ्याशी यावे. नागपूरहून उत्तरेस निघाले की सावनेर लागते. तेथे वाट फुटते. एक सौंसरावरून छिंदवाड्यास जाते, दुसरी पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतुलाकडे. या सावनेरास आपल्या भावाच्या बिऱ्हाडी क्षयाने खंगलेले राम गणेश गडकरी येऊन राहिले होते. जन्म गुजरातेतल्या नवसारीचा, उमेदीची सुरुवात किर्लोस्कर मंडळीत बालनटांना शिकवण्याच्या नोकरीत, गुरू मानले ते श्रीपाद कृष्णांना. मंडळीने ज्याला एके काळी मुलांचा मास्तर म्हणून ठेवले होते, त्याचेच 'पुण्यप्रभाव' तिने १९१६ साली रंगभूमीवर आणले. 'भावबंधना'चा शेवट त्यांनी सावनेरच्या त्या अंथरुणावरच हातावेगळा केला, असे सांगतात. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीस, गंधर्व मंडळीने बडोद्यास 'एकच प्याला' लावले. त्याची पदे लिहायला गडकरी उरले नव्हते. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. फाटक्या लुगड्यातली ती सिंधू पाहून बायकामाणसे रडत घरी जात. पाहणाऱ्यांना माहीत होते की ही लेखणी सातपुड्याच्या पायथ्याशी नुकतीच थांबली आहे.

पांढुर्ण्याच्या नशिबी मात्र मंडळ्यांचा बहर फारसा आला नसावा. इटारसी-नागपूर हा लोहमार्ग पुरा झाला तो १९२०च्या दशकात, आणि तोवर सूर्य कलला होता. गंधर्व मंडळीचे उत्पन्न मोठे होते व कर्ज त्याहून मोठे. १९३२ साली मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र कोण? गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकीच गोविंदराव टेंबे! १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. शेकडो माणसांची पंगत पोसणारी मंडळी आणि एका डब्यात मावणारा बोलपट यांची बरोबरी होणार कशी? मंडळ्या एकामागून एक मिटल्या.

संगीत नाटक तरी संपले नाही. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आले. लिहिणारे नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. आणि बिऱ्हाडकरू मंडळी पाहायचीच असेल, तर ती आज झाडीपट्टीत पाहावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत दिवाळीनंतर धान घरात आले की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. तिकीट काढून शेतकरी कुटुंबे पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शहरी समीक्षकांनी या नाटकांना नाके मुरडली आहेत, आणि प्रयोग काही वेळा भडक होतात यात शंका नाही. पण अण्णासाहेबांची मंडळी ज्या हिशेबाने जगली त्याच हिशेबाने ह्या जगतात.

म्हणून सावरगावच्या भगिनींनी घरी सांगावे की, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर व वऱ्हाड एकीकडे गेले, छिंदवाडा दुसरीकडे राहिला. तोवर नागपूर हीच दोघांची राजधानी होती. रेघ पडली तेव्हा 'सौभद्र' त्र्याहत्तर वर्षांचे झाले होते. ते रेघेच्या कोणत्या बाजूस ठेवायचे, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. २०२३ साली पांढुर्णा-सौंसरचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या कागदांतही नसावी.

आता कामाच्या दोन गोष्टी. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर या चौघांच्या नाटकांवरील लेखकहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. प्रयोगासाठी कोणाची परवानगी वा मानधन लागत नाही. नव्या संपादकांच्या टीपा-प्रस्तावना तेवढ्या त्यांच्या. सगळा अंक घेऊ नये. दोन-तीन पात्रांचा एक प्रवेश व त्यातली दोन किंवा तीन पदे पुरेत. पेटी वाजवणारा एखादा भजनी मंडळातला गृहस्थ मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण दिंडी-साकी त्याच्या बोटांत असतातच. मुले हिंदी शाळेतली आहेत याची चिंता नको. लिपी तीच आहे. अडेल ते फक्त 'ळ'पाशी. हिंदी पुस्तकांत तो भेटत नाही आणि आपल्याकडच्या बोलीत डोळ्याचा डोया होतो. त्याची तालीम पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी, आणि सुरुवात 'मंडळी' या शब्दापासून करावी.